परमुलखातला किराणा : माल, वाट आणि परवाना

चैत्र-वैशाखात शिंदखेड्यात घरोघरी बिबडे घातले जातात. ज्वारी भिजवायची, कोंडा काढून दळायची, मोठ्या पातेल्यात शिजवायची, त्यात लसूण, जिरं, तीळ घालायचे आणि खाटेवर पसरलेल्या ओल्या कापडावर भल्या सकाळी थापायचे. दुपारपर्यंत ऊन आपलं काम करतं. गेली काही वर्षं आमच्या घरात या कामाला आणखी एक टप्पा जोडला गेला आहे. वाळलेले बिबडे, उडदाचे पापड, काळा मसाला, दोंडाईच्याच्या बाजारातून आणलेली मिरची कुटून केलेलं तिखट आणि कळण्याचं पीठ अशा सगळ्या पुड्या बॅगेत भरायच्या आणि बॅग वजनकाट्यावर ठेवायची. काटा २३ किलोंच्या पुढे गेला की एकेक पुडी बाहेर काढायची. मुलगी न्यू जर्सीत असते, पुतण्या शारजात. वानोळा दोघांनाही जातो.

पुडी बाहेर काढताना दर वेळी एकच वाद होतो. मुलगी म्हणते, "नाना, हे सगळं तिथं मिळतं." तिची आई विचारते, "केवढ्याला?" मुलगी डॉलरमध्ये आकडा सांगते, आई मनातल्या मनात गुणाकार करते आणि पुडी पुन्हा बॅगेत जाते. या गुणाकारामुळेच मी या विषयाकडे वळलो. परमुलखात राहणाऱ्या माणसाला त्याचं घरचं जेवण नेमकं केवढ्याला पडतं आणि तो भाव कोण ठरवतं, हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. गेल्या दोनशे वर्षांतली काही उदाहरणं तपासल्यावर मला असं दिसलं की या भावाचे तीन भाग पडतात. पहिला मालाचा, दुसरा वाटेचा आणि तिसरा परवान्याचा. वाट स्वस्त होत गेली तसा परवाना महाग होत गेला. आणि परवान्याची किंमत दुकानात पैसे मोजणारा एकटाच देत नाही. माल पिकवणाराही ती देतो.

खान्देशापुरतं बोलायचं तर परमुलखातला किराणा मागवणारी पहिली ठळक मंडळी आपली नव्हती, इथं येऊन राहिलेली होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार पाहू लागला आणि धुळे हे मुख्य ठिकाण झालं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम आला आणि धरणगावी त्याने भिल्लांची पलटण उभी केली. या साहेबांना गहू, अंडी, कोंबडी, बकऱ्याचं मांस, भाजी हे सारं इथंच मिळत होतं. त्यांचा परका किराणा म्हणजे चीज, हॅम, मुरंबे, दारू, लोणी आणि बिस्किटं. हा माल शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी मुंबईला उतरे. तिथून थळ घाट चढून नाशिक, मालेगावमार्गे बैलगाडीने धुळ्याला यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाकं रुतली की तो वाटेतच थांबून राही. बाटली फुटणं, चीजला बुरशी लागणं, डब्यात मुंग्या शिरणं हा सगळा तोटा पोहोचलेल्या मालाच्या किमतीवरच चढत असे. इंग्लंडमधल्या किमतीशी धुळ्यातल्या किमतीचं फारसं नातं उरत नसे, कारण साहेब मालापेक्षा वाटेचेच पैसे जास्त देत होता.

पुढे दोन गोष्टींनी ही वाट आखूड केली. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-भुसावळ मार्ग सलग झाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि लंडन-मुंबई सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. शतक संपता संपता तापीकाठची सुरत-भुसावळ रेल्वेही आली. शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा ही तिचीच स्थानकं. या दरम्यान, १८८८ मध्ये, फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं हिंदुस्थानातल्या इंग्रज गृहिणींसाठीचं गृहव्यवस्थेचं पुस्तक निघालं. कोठीची किल्ली स्वतःकडे ठेवावी, खानसाम्याचा रोजचा हिशोब तपासावा, नोकरांचे पगार किती असावेत असे विषय त्यात तपशिलाने आले आहेत. माणूस घरापासून दूर गेला की हिशोबाची वही आपोआप जाड होते, हे त्यावरून कळतं.

तरीही या साहेबाला 'परदेशस्थ ग्राहक' म्हणून फारसं सोसावं लागलं नाही. त्याचा पगार इथल्या मजुरीच्या कित्येक पट होता आणि वाटेचा खर्च त्यात मुरून जाई. परमुलखातल्या किराण्याचा खरा भार कुणावर पडला ते पाहायचं तर उलट दिशेने गेलेल्या जहाजांकडे पाहावं लागतं.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. त्यानंतर शतक उलटेपर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसं त्या बेटावर गेली. पहिली तुकडी कलकत्त्याहून गेली होती. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांतून मराठी माणसं गेली, मुख्यतः कोकणातली. आमच्या तापीकाठची नव्हेत, पण भाषा तीच. ज्या बंदरघाटावर हे लोक उतरले तो आता आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

या मजुरांच्या करारात किराणा हा पगाराचाच भाग होता. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना ५ रुपये आणि सोबत तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा ठरलेल्या वजनाचा शिधा, शिवाय कपडे. वरवर पाहता ही चांगली सोय. परमुलखात भाव चढो की उतरो, ताटातला भात नक्की. पण याच व्यवस्थेत एक मेख होती. बेटावर ऊस होता, तांदूळ हिंदुस्थानातून येई. मजुराला तो स्वतः मागवता येत नसे आणि मळ्याबाहेर पडायलाही परवानगी लागे. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम पुढे रूढ झाला. म्हणजे आजारपणात मजुरी दुप्पट जाई आणि शिध्यावरही गदा येई. इथं मालाची किंमत पैशांत न मोजता हजेरीत मोजली जात होती. भाव कितीही असो, तो ठरवण्याचा अधिकार ताटासमोर बसणाऱ्याकडे नव्हता. परवान्याची ही पहिली ठळक नोंद म्हणायला हरकत नाही.

मॉरिशस एवढं दूरचं उदाहरण वाटत असेल तर अरबी समुद्रापलीकडे पाहू. आज अनेकांना आठवणार नाही, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेत, बहारीन, कतार, दुबई, शारजा, मस्कत इथल्या बाजारांत भारतीय रुपया चालत होता. मुंबईहून गेलेला तांदूळ, कांदा, मसाला तिथं रुपयांतच विकला जाई आणि तिथल्या हिंदी कारकुनाला गुणाकार करावा लागत नसे. सोन्याच्या चोरट्या आयातीला हाच रुपया वापरला जाऊ लागला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहारीनने १९६५ मध्ये. मग आला ६ जून १९६६ चा दिवस. रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत ७ रुपये ५० पैशांचा झाला. कतार, दुबई, शारजा यांनी त्याच वर्षी रुपया सोडला. ओमानने १९७० मध्ये सोडला.

त्या एका रात्रीचा धडा आमच्या घरातल्या गुणाकारालाही लागू आहे. ५ जूनला अमेरिकेतल्या दुकानात एक डॉलरला मिळणारी डाळीची पुडी धुळ्याच्या हिशोबात पावणेपाच रुपयांची होती. दोन दिवसांनी तीच साडेसात रुपयांची झाली. पुडी तीच, दुकानही तेच, आणि तिथं डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याच्या खिशाला काहीच जाणवलं नाही. जाणवलं ते इथून पैसे घेऊन जाणाऱ्याला. त्या काळात परदेशी शिकायला निघालेल्यांच्या आठवणींत खिशातल्या ८ डॉलर्सचा उल्लेख हटकून येतो, कारण सोबत न्यायला तेवढंच परकीय चलन मिळे. अशा विद्यार्थ्याला पहिला पगार किंवा शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती येईपर्यंत डाळ-तांदूळ ही चैन होती. म्हणून परदेशातल्या किराण्याचा भाव रुपयांत फिरवून पाहण्यात फारसा अर्थ नसतो. ती पुडी घ्यायला किती वेळ राबावं लागलं, हा प्रश्न विचारला तर उत्तर खरं मिळतं. हे मी बायकोला सांगून पाहिलं. तिने गुणाकार थांबवलेला नाही.

अमेरिकेतली वाट आणि दुकान कशी तयार झाली, हीही वेगळी कथा आहे. १९४६ च्या कायद्यानुसार भारतातून वर्षाला अवघ्या १०० जणांना तिथं स्थायिक होण्याची मुभा होती. शंभर माणसांसाठी कुणी दुकान थाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९४४ पासून असलेलं 'कलुस्त्यान' हे दुकान मुळात पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकांचं होतं. मसाल्यांसाठी हिंदी लोक तिथं जात. १९६५ च्या कायद्याने ही संख्येची अट गेली आणि डॉक्टर, इंजिनिअर जाऊ लागले. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर 'पटेल ब्रदर्स'चं पहिलं दुकान निघालं. गिऱ्हाइकं वाढली तसा माल पुड्यांऐवजी कंटेनरने येऊ लागला, आणि कंटेनर आला की प्रत्येक किलोमागचा वाटेचा खर्च एकदम उतरतो. साहेबाच्या चीजवर बसणारा वाटेचा बोजा अशा रीतीने मुलीच्या तूरडाळीवरून जवळपास उतरला. तिचं म्हणणं खरं आहे. तिथं सगळं मिळतं.

जवळजवळ सगळं. ज्वारीचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. ज्वारीच्या उत्पादनात अमेरिका जगात बहुधा पहिल्या क्रमांकावर असते. एकट्या कॅन्सस राज्यात मैलोन्‌मैल ज्वारीची शेतं आहेत. पण ती ज्वारी जनावरांच्या खाद्याला जाते, इथेनॉलला जाते, जहाजं भरून चीनला जाते. न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानात ज्वारीच्या पिठाची जी पिशवी मिळते ती बहुधा भारतातून आलेली असते. जगातला ज्वारीचा सर्वांत मोठा शेतकरी जिथं आहे तिथं भाकरीसाठी पीठ सात समुद्रांपलीकडून यावं, यामागचं कारण पिकात नाही. भाकरी थापणारी माणसं तिथं मूठभर आहेत, आणि मूठभरांसाठी कुणी गिरणी लावत नाही. त्यातून तापीकाठची दादर आणि ज्वारीत उडीद मिसळून दळलेला कळणा तर आपल्याकडेही पुण्या-मुंबईत सहज मिळत नाही. अशा मालासाठी २३ किलोंची बॅग हाच बाजार.

त्या बॅगेवरही परवान्याचं लक्ष असतंच. धान्य पोखरणारा खापरा नावाचा एक किडा आहे. तो आपल्याबरोबर येऊ नये म्हणून अमेरिकेने २०११ मध्ये भारतासह अनेक देशांतून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ आणायला बंदी केली. आमच्याकडे खापर म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं. हे नाव ऐकून घरात बराच वेळ हसू चाललं होतं. इंद्रायणी तांदळाची पिशवी मात्र तेव्हापासून घरीच राहते.

आता इकडच्या परवान्याकडे येतो, कारण गेल्या वीस वर्षांत परदेशस्थांच्या किराण्याला सर्वांत मोठे हिसके त्यानेच दिले. जून २००६ मध्ये भारताने डाळींच्या निर्यातीवर बंदी घातली. तुरीवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठली. मधल्या अकरा वर्षांत काही सवलती सोडल्या तर भारतातली तूरडाळ बाहेर जाणं बंद होतं. तूर आपल्याखेरीज म्यानमार, मलावी, मोझांबिक, टांझानिया इथंही पिकते. परमुलखातलं आमटीचं भांडं बऱ्याच अंशी त्यांच्या जिवावर शिजलं. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. बातमी पोहोचताच अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या आणि एका कुटुंबाला एकच पिशवी, अशा पाट्या झळकल्या. मुलीने तेव्हा फोनवर सांगितलं, "नाना, रेशनची रांग मी आयुष्यात पहिल्यांदा इथं पाहिली."

पण आमच्या घरात ज्याची झळ दोन्हीकडून लागली तो कांदा. धुळे जिल्ह्यात कांदा करणारे शेतकरी पुष्कळ, त्यांत माझा धाकटा भाऊ एक. शारजातला पुतण्या त्याचाच मुलगा. २०२३ च्या पावसाने ओढ दिली आणि शहरांत कांदा चढू लागला. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यातदर आला. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली. नाशिक भागात लिलाव थांबले, चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले.

तारीख इथं महत्त्वाची आहे. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, भाव येईपर्यंत थांबता येतं. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काही आठवड्यांतच कोंब धरतो किंवा सडतो. काढला की विकावाच लागतो. त्यामुळे त्या दिवशी ज्याचा लाल कांदा शेतात होता त्याला वाट पाहण्याची सोयच नव्हती. भावाने त्या हंगामात कांदा काढला, ट्रॅक्टर भरला, विकला आणि घरी येऊन वहीत मजुरी, बारदान, हमाली, भाडं मांडलं. बेरीज झाल्यावर वही मिटून ठेवली. त्याच आठवड्यात पुतण्याने फोनवर आईला सांगितलं, की दुकानात भारतीय कांदा दिसत नाही आणि दुसऱ्या देशाचा आहे तो महाग आहे, म्हणून भाजीत कमी घालतो. बापाकडे कांदा पडून आणि लेकाच्या कढईत कांदा कमी, हे एकाच घरात एकाच आठवड्यात घडत होतं.

निर्यात थांबवण्यामागे कारण होतं, हेही नोंदवलं पाहिजे. शहरातल्या हातावर पोट असणाऱ्याला कांदा परवडायला हवा. १९९८ मध्ये दिल्लीत कांद्याने सरकार घालवल्याचं कुठलाच पक्ष विसरलेला नाही. २०१९ च्या बंदीनंतर दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलं आहे, असं हसत हसत सुनावलं होतं. ग्राहक इथला असो वा परदेशातला, त्याच्या तक्रारीची बातमी होते. बंदीचा खर्च ज्याच्या वहीत पडतो त्या वहीला मात्र वाचक नसतो.

पुढचा घटनाक्रम मला या अभ्यासात सर्वांत बोलका वाटला. बंदी चालू असतानाच मोजक्या देशांना सरकारी मार्गाने ठरावीक कांदा द्यायचं ठरलं. १ मार्च २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टनांची मुभा मिळाली, तीही तिमाहीला ३,६०० टनांच्या मर्यादेत. एप्रिलमध्ये एकूण ९९,१५० टनांची यादी जाहीर झाली. त्यात बांगलादेश, अमिराती, भूतान, बहारीन, श्रीलंका आणि मॉरिशस ही नावं होती. मॉरिशसचं नाव वाचून मी थबकलो. १८३४ मध्ये ज्या बेटावर हिंदी मजुराचा शिधा कराराने तोलून मिळत होता, त्या बेटासाठी १९० वर्षांनी भारतातून कांदा पुन्हा तोलूनच जात होता. आधी वजन मळेवाला ठरवत होता, आता अधिसूचना ठरवते. जेवणारा आणि पिकवणारा दोघेही तेव्हासारखेच त्या बोलणीच्या बाहेर.

४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरचा किमान दर राहिला. सप्टेंबरात किमान दर गेला, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही उरलं नाही. पण बाजार नळासारखा नसतो. मधल्या काळात आखातातल्या दुकानदाराने पाकिस्तानचा, इजिप्तचा कांदा मांडून पाहिला आणि गिऱ्हाइकाने तो खाऊन पाहिला. तोडलेली वाट परवाना मिळाला म्हणून लगेच जुनी होत नाही. साहेबाच्या काळात वाट घाटाने अडायची आणि घाट कुठे आहे हे गाडीवानाला ठाऊक असायचं. आताचा घाट कधी उभा राहील हे कांदा लावताना कुणालाच सांगता येत नाही. भावाने यंदा कांद्याचं क्षेत्र कमी करून तिथं कापूस लावला आहे.

पुतण्या हल्ली एक करतो. शारजातल्या दुकानात कांद्याच्या ढिगावर देशाचं नाव आणि किलोचा भाव लिहिलेली पाटी असते. तिचा फोटो काढून तो वडिलांना पाठवतो. भाऊ त्याखाली धुळ्याचा त्या दिवसाचा भाव लिहितो. दोघंही त्यावर काही बोलत नाहीत. गेल्या दीड वर्षातले असे बरेच फोटो जमले आहेत. मी ते तारखेनुसार एका वहीत उतरवून ठेवायला लागलो आहे. डावीकडे देश आणि दिरहम, उजवीकडे धुळे आणि रुपये. मधला रकाना मी मोकळा ठेवला आहे. त्यात त्या महिन्याची अधिसूचना लिहायची असते.